हातापुरतं जंतुनाशक

साबणरावांना पहिली किळस कधी आली हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं, पण सकाळी डोळे उघडल्यापासून ती त्यांच्या सोबतीला असायची एवढं नक्की. दाराची कडी, जिन्याचा कठडा, पाहुण्याच्या उशीवरचा तेलाचा डाग, दुसऱ्यानं ओठ लावलेला पेला, कुणीतरी थुंकी लावून उलटलेलं वर्तमानपत्राचं पान, ज्याचं वावडं नाही असं त्यांच्या बाबतीत काहीच नव्हतं. दार ते कोपरानं उघडायचे. शर्टाच्या खिशात एका छोट्या डबीत साबणाची वडी असायची, म्हणून साबणराव. खरं नाव बहिणीला ठाऊक होतं, पण तीही दादाच म्हणायची, त्यामुळे ते नाव वापराविना तसंच पडून राहिलं.

लग्न झालं नाही. एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं, पण बोलणी चालू असताना मुलीच्या वडिलांनी काडीनं कान कोरला, काडीचं टोक नीट निरखून पाहिलं आणि त्याच काडीनं दात कोरायला घेतले. साबणराव उठले, बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. पुढं कित्येक वर्षं ह्या गोष्टीवर घरात हशा पिकायचा. साबणराव मात्र हसायचे नाहीत, त्यांच्या पोटात पुन्हा तेवढंच ढवळायचं.

हसताना एक गोष्ट कुणाला आठवायची नाही. ते ऐन विशीत असताना त्यांच्या वडिलांच्या पायात गंजका खिळा गेला होता. जखम चिघळली. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, पण ती जखम कशालाच दाद देईना. आई नव्हती आणि बहीण लहान होती. तिला बाहेरच्या खोलीत बसवून, दार लावून, साबणराव सकाळ-संध्याकाळ ती पट्टी सोडायचे. पट्टीला चिकटून काय काय निघायचं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. वास मात्र कपड्यांत बसायचा, केसांत बसायचा, जेवताना घासातून यायचा. शेवटी पाय गुडघ्याखालून कापावा लागला आणि पुढं वर्षभरात वडील गेले. तेव्हापासून हा माणूस हात धूत होता. जंतू हा शब्द नुसता उच्चारला तरी त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. जुन्या वैऱ्याचं नाव काढल्यावर पडाव्यात तशा.

बहीण मोठी झाली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर तिनं गावाबाहेर रोपवाटिका काढली. पीच, आलुबुखार, बदाम असली फळझाडं. दादाला तिनं आपल्याकडेच बोलावून घेतलं. छाटणीच्या शेडमागची खोली त्यांना दिली आणि शेडमधलं काम त्यांच्यावर सोपवलं. लांबलचक पत्र्याची शेड, मधोमध पाण्याचा पाट, दोन्ही बाजूंना लाकडी टेबलं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या. रोपाची मुळं छाटताना एका रोपाचा रोग कात्रीबरोबर दुसऱ्याला जातो, म्हणून दर वेळी कात्री जंतुनाशकात बुडवावी लागते. इतर माणसं ते विसरायची. साबणराव कधीच विसरले नाहीत. त्यांच्या किळसेचा उभ्या आयुष्यात कुणाला उपयोग झाला असेल तर तो ह्या शेडमध्ये. बहीण आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या दादाची कात्री डॉक्टरच्या सुरीपेक्षा स्वच्छ." तेव्हा साबणराव तोंड फिरवून कात्री पुन्हा एकदा पुसायचे.

ह्या सगळ्या सुखात एकच खडा होता. मेहुणे. माणूस सोन्यासारखा, पण राहणं म्हणजे उकिरडा. शेणखतात कोपरापर्यंत हात घालायचे आणि त्याच हातानं भाकरीचा तुकडा मोडायचे. शिंकले की बाहीला नाक पुसायचे, आणि ती बाही आठवडाभर तशीच. खाकरून जिथं उभे असतील तिथं थुंकायचे. एकदा त्यांनी रोपाच्या मुळावरची अळी चिमटीत धरून, "बघा साबणराव, कशी गुबगुबीत आहे!" म्हणत ती थेट त्यांच्या नाकासमोर नाचवली होती. साबणरावांनी त्या दिवशी जेवणावर पाणी सोडलं. मेहुण्यांनी त्यांच्या वाटणीचंही खाऊन टाकलं.

मग रोपवाटिकेत गाठीचा रोग शिरला.

मातीत एक जंतू असतो. मुळाला जखम झाली की तिथून आत शिरतो आणि मुळावर गाठी धरायला लागतात. आधी वाटाण्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या, खरखरीत, फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या. पुढं त्या आतून कुजतात, दाबलं की बोट आत जातं, तपकिरी पाणी सुटतं आणि त्यात बारीक किडे वळवळतात. साबणरावांनी पहिली गाठ पाहिली तेव्हा ते शेडबाहेर धावले आणि कुंपणाशी जाऊन ओकले. एकदा गाठ धरली की त्या रोपाला औषध नाही, ते जाळूनच टाकावं लागतं. त्या वर्षी सरकारी तपासनीस आला, त्यानं रोपं उपटून पाहिली आणि अख्खा तुकडा जाळायला लावला. जाताना सांगून गेला, की पुढच्या तपासणीत पुन्हा गाठी सापडल्या, तर रोपवाटिकेचा परवाना रद्द.

बहिणीनं जेवण सोडलं. मेहुणे पहिल्यांदाच गप्प गप्प झाले. तेव्हा भाची पुढं आली. शेतीचं शिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती, शहरातल्या एका कंपनीत तिला नोकरी मिळत होती. ती म्हणाली, "आई, एक वर्ष मला दे. मी हे थांबवून दाखवते." नोकरीला तिनं नाही म्हणून कळवलं.

तिचा उपाय ऐकून साबणरावांच्या अंगावर काटा आला. उपाय म्हणजे जंतूच होता! काचेच्या चपट्या बाटल्यांमध्ये, थिजलेल्या खळीवर पांढुरका, चकचकीत थर पसरलेला. सर्दी झालेल्या पोरानं नाक शिंकरून ठेवावं, असा. भाचीनं एक बाटली उघडून त्यांच्यापुढं धरली.

"शी! झाक, झाक ते!" साबणराव मागं सरकले.

"मामा, हा त्या रोगाच्या जंतूचाच चुलतभाऊ. पण हा गाठी करत नाही. उलट स्वतःच्या अंगातून एक विष सोडतो, आणि ते विष नेमकं त्या रोगाच्या जंतूला मारतं. झाडाला काही होत नाही, आपल्याला काही होत नाही. मुळं छाटली की लगेच ह्याच्या पाण्यात बुडवायची. जखमेवर हा आधी जाऊन बसला की दुसऱ्याला जागाच नाही."

"म्हणजे घाणीवर घाण."

"असं कसं रे? जंतू एकमेकांशी असंच भांडतात, कायम. आपण फक्त त्यातला एक आपल्या बाजूनं घ्यायचा. तू ते डब्यातलं चीज खातोस ना रोज? ते टिकावं म्हणून त्यातही असलंच विष घालतात. दुधातल्या जंतूनं केलेलं."

साबणरावांच्या तोंडात नेमका त्याच चीजचा घास होता. तो त्यांनी हातरुमालात काढला, रुमाल चुलीत टाकला आणि चीजच्या बाबतीत कानाला खडा लावला. मेहुणे हसून हसून लाल झाले. भाची मात्र हसली नाही. ती त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबांच्या पायासारख्या जखमा असतात ना, कुठलंच औषध न चालणाऱ्या? त्यांच्यासाठीसुद्धा लोक असली विषं तपासून बघतायत. अजून प्रयोगच चाललेत. पण मी शिकायला गेले ना, ते आईकडून आजोबांची गोष्ट ऐकून."

पोर गोड होती. लहानपणी खेळून आली की आपणहून त्यांच्यापुढं दोन्ही हात धरायची आणि ते फेस करकरून तिची नखंसुद्धा धुवायचे. तिच्यासाठी आपण काहीही करू असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच वाटलं.

थंडीत लागवडीचे दिवस आले. शेडच्या टोकाला एक मोठा टब ठेवला. त्यात नळाचं पाणी चालायचं नाही, कारण त्यातल्या क्लोरीननं जिवाणू मरतात. विहिरीचं पाणी आणायचं, त्यात बाटलीतला तो पांढुरका थर धुऊन मिसळायचा. भाचीनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "हे पाणी जिवंत आहे. ह्यात साबण, औषध, काही म्हणजे काही पडू द्यायचं नाही." टबावर कुणाला बसवायचं हा प्रश्नच नव्हता. घरातला सगळ्यात दक्ष माणूस एकच होता.

काम साधं होतं. छाटलेल्या रोपांची जुडी उचलायची, मुळं टबात बुडवायची, बोटांनी पसरायची, म्हणजे पाणी प्रत्येक जखमेपर्यंत पोचेल, आणि मग ओल्या गोणपाटावर ठेवायची. एका दिवसात बुडवलेली रोपं एका ओळीत लागायची. हातमोज्यांनी मुळांचे बारीक तंतू तुटायचे, म्हणून हात उघडेच ठेवायचे. पहिल्या जुडीला साबणरावांनी डोळे मिटून हात घातला. पाणी बुळबुळीत लागलं, निदान त्यांना तरी तसं वाटलं. सकाळ सरेपर्यंत त्यात माती उतरली, सालीचे तुकडे, मेलेली गोगलगाय आणि कडेला तपकिरी फेस. मधूनच मेहुणे आले, "जमतंय का?" म्हणत त्यांनी काळ्या नखांचा पंजा टबात घालून ढवळला आणि ओल्या हातानं मान खाजवत निघून गेले. साबणरावांच्या बोटांच्या बेचक्यांत ते पाणी शिरत होतं. नखाशेजारी एक चीर होती, तिच्यातही. त्यांना ती जुनी पट्टी आठवली. ती सोडताना तिच्याखालून सुटणारं पाणी आठवलं. घशाशी आंबट आलं.

हाताशी कात्र्यांच्या जंतुनाशकाची बाटली होती. शेडमध्ये त्याचा वास कायमच असायचा, त्यामुळे नाकाला काही वेगळं कळणार नव्हतं. साबणरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि झाकणभर औषध टबात ओतलं. सगळं पाणी स्वच्छ करायला ते थोडंच होतं? आपल्या हातापुरतं. एवढ्या मोठ्या टबाला झाकणभरानं काय होतंय, असं ते स्वतःशी म्हणाले. पाणी थोडं दुधाळ झालं, पण ते आधीही गढूळच होतं. मग त्यांनी हात घातला आणि जिवाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी नवं पाणी, नवी बाटली, नवं झाकण. त्यानंतर रोज.

लाज वाटली का? अजिबात नाही. उलट एवढी घाण सोसून आपण भाचीचं काम तडीला नेलं, ह्याचा त्यांना मनातून अभिमानच वाटत होता. मधे एक दिवस त्यांना ताप भरला. त्या दिवशी टबावर मेहुणे बसले. खिडकीतून साबणरावांनी त्यांना पाहिलं. एका हातात भाकरी, दुसरा टबात, आणि थुंकायला तोंड वळवायचीही तसदी नाही. साबणरावांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. ह्या ओळीतली सगळी रोपं सडणार, हे त्यांनी तापातच ठरवून टाकलं.

पुढचं वर्ष छान गेलं. रोपांनी जोर धरला, त्यांच्यावर कलमाचे डोळे भरले तेही जगले, पानं हिरवीगार निघाली. गाठी मातीखाली असतात, वरून काही दिसत नाही. भाची संध्याकाळी ओळींमधून फिरताना गुणगुणायची. बहीण पुन्हा पोटभर जेवायला लागली. "मामानं टब सांभाळला म्हणून," भाची सगळ्यांना सांगायची.

पानगळ झाली आणि तपासनीस आला. कमी बोलणारा, थकलेला माणूस, बुटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेला. साबणरावांना तो तेवढ्यानंच आवडला. त्यानं पहिल्या ओळीतलं रोप दाखवलं. मेहुण्यांनी कुदळ घातली, रोप उपटलं, माती झटकली. मुळांच्या काखोटीत मुठीएवढी गाठ होती.

दुसरं रोप उपटलं. गाठ. दुसरी ओळ, तिसरी ओळ. काही गाठी कुजून काळ्या पडल्या होत्या, कुदळीचा धक्का लागताच फुटत होत्या आणि तो गोडसर, सडका वास सगळ्या रानात पसरला. बहिणीनं पदर तोंडाला लावला. भाची गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी एकेका मुळावरची माती काढत होती. गाठी हातात घेऊन फोडत होती, वास घेत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग एक ओळ आली आणि तिच्यातलं पहिलं रोप स्वच्छ निघालं. दुसरंही. मेहुणे वेड्यासारखे कुदळ चालवायला लागले. अख्ख्या ओळीत एक गाठ नाही. मुळं कशी सरळ, पिवळसर, धुतल्यासारखी. त्याच्या पुढच्या ओळीत पुन्हा गाठीच गाठी.

"ही ओळ कुणी बुडवली?" भाचीनं विचारलं.

"ही माझी," मेहुणे म्हणाले. "साबणराव तापानं पडले होते तेव्हाची. पण पोरी, मी काही वेगळं केलं नाही गं. तेच पाणी, तीच बाटली. मी तर हातसुद्धा धुतले नव्हते."

तपासनिसानं मान हलवली. "नशिबानं वाचली असेल एखादी ओळ. मला वाईट वाटतंय, पण हा उपाय इथं चाललेला नाही, असंच मला म्हणावं लागेल. परवाना राहणार नाही."

"चालतो! तो चालतो हो!" भाची ओरडली. "सगळीकडे चालतो. मीच कुठंतरी चुकले. पाणी चुकलं असेल, बाटल्या जुन्या असतील, माझंच काहीतरी..." तिचा आवाज फुटला. बहीण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे बाळा. तू तुझ्याकडून केलंस." त्या शब्दांत एवढी हार होती की ते ऐकवत नव्हतं.

साबणराव बांधावर उभे होते. पाय चिखलात रुतले होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या उकिरड्यासारख्या माणसाची ओळ स्वच्छ होती, आणि आपल्या हाताखालून गेलेलं प्रत्येक रोप सडलं होतं. स्वतःच्या हातांकडे बघवेना. गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. पोर आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिली असती, बहिणीची रोपवाटिका गेली असती आणि आपण मात्र सगळ्यात दक्ष माणूस म्हणून उरलो असतो. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"टबात मी औषध घालत होतो," ते म्हणाले.

सगळे वळले.

"कसलं औषध?" भाचीनं विचारलं.

"कात्र्यांचं."

"किती?"

"झाकणभर. मला... मला हात घालवत नव्हता गं त्यात. हातापुरतं."

"रोज?"

"रोज. ताप आला तो दिवस सोडून."

तपासनीस पुन्हा त्या स्वच्छ ओळीकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे उपाय झाला तो ह्या एका ओळीतच. बाकीच्यांना तो मिळालाच नाही. तसंच नोंदवतो. हे सगळं जाळा, ही ओळ ठेवा, आणि पलीकडच्या मोकळ्या तुकड्यात पुन्हा लावा. परवाना आणखी एक वर्ष राहील. त्यापुढं मला काही करता येणार नाही."

बहीण रडायला लागली. ते रडणं सुटकेचं होतं की रागाचं, तिचं तिलाच ठाऊक. मेहुणे चिखल तुडवत आले आणि त्यांनी आपला बरबटलेला पंजा साबणरावांच्या खांद्यावर ठेवला. "जाऊ द्या हो साबणराव," ते म्हणाले, "होतं माणसाकडून." साबणरावांनी तो हात झटकला नाही. कुजक्या गाठींचं तपकिरी पाणी शर्टावर उतरत होतं, ते त्यांनी उतरू दिलं.

भाची अजून चरात गुडघ्यांवर बसली होती. एका मुठीत फुटलेली गाठ, तिचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं. थंडी होती, चिखल गार होता. साबणराव खाली उतरले आणि तिला उठवायला त्यांनी हात पुढं केला.

"ऊठ बाळा. सर्दी होईल."

तिनं वर पाहिलं, त्यांच्याकडे नाही, त्यांच्या पुढं केलेल्या हाताकडे. तिचं नाक किंचित आक्रसलं, ओठ एका बाजूला ओढले गेले, आणि ती बसल्या जागी जरा मागं सरकली. त्या चेहऱ्याचा अर्थ साबणरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सडकी गाठ तिनं मुठीत तशीच धरली होती, आणि दुसरा हात मात्र त्यांचा लागू नये म्हणून छातीशी आखडून घेतला होता.